कूलर चालू, तरी घामाच्या धारा? या चुका टाळा

नागपूर, अकोला, चंद्रपूरकडे पारा 44-45 वर गेला की घरोघरी कूलरची घरघर सुरू होते. त्यासोबत तक्रारीही येतात: वारा येतो पण गारवा नाही, चादर ओलसर लागते, अंग चिकचिकतं. बहुतेक वेळा कूलर बिघडलेला नसतोच, तो एसीसारखा वापरला जात असतो.

एसी खोलीतलीच हवा फिरवून थंड करतो, म्हणून त्याला दारं-खिडक्या बंद लागतात. कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या ताट्यांमधून, म्हणजे बाजूंना बसवलेल्या गवताच्या जाळ्यांमधून, ओढतो. पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता खेचली जाते. बाहेर 44 अंश तापमान आणि 15 टक्के आर्द्रता असेल, तर धड असलेला कूलर 28-29 अंशांची हवा देतो. पण ती हवा बाष्प घेऊन आलेली असते आणि तिला बाहेर जायला वाट लागते.

खोली बंद करून कूलर लावणं

ही सगळ्यात मोठी चूक. वाट नसली की बाष्प खोलीतच साचतं आणि घाम वाळत नाही. कूलर खोलीच्या मध्ये ठेवला तर तो तीच दमट हवा पुन्हा पुन्हा ओढतो. म्हणून कूलर खिडकीत किंवा खिडकीबाहेर बसवा, त्याच्या मागे दोन फूट जागा मोकळी सोडा आणि समोरच्या बाजूची खिडकी उघडा. किती उघडायची, ते दोरा सांगतो. वीतभर दोरा त्या खिडकीच्या गजाला बांधा. दोरा बाहेरच्या बाजूला उडत असेल तर ठीक. लोंबकळत राहिला तर खिडकी आणखी उघडा. आत येत असेल तर तिथून लू शिरते आहे, दुसरी खिडकी निवडा.

यात एक सोयही आहे. हवा उघड्या खिडकीकडेच धावते. बैठकीतल्या कूलरचा गारवा आतल्या खोलीत हवा असेल, तर बैठकीच्या खिडक्या लावा आणि आतली उघडा. खाट या दोन टोकांच्या मध्ये घाला.

ताट्या अर्धवट ओल्या

पंखा बंद ठेवून पंप दहा मिनिटं चालवा, मग प्लग काढून ताटीवर वरपासून खालपर्यंत हात फिरवा. कुठे कोरडा पट्टा लागला तर तिथून गरम हवा तशीच आत येते, कारण हवा ओल्या गवतापेक्षा मोकळी वाट पसंत करते. कारणं दोनच असतात. एक, लाकडी गवत खाली बसून वर फट पडलेली असते. ते दर उन्हाळ्यात बदलायलाच हवं, त्यात काटकसर नको. दोन, पाणी सोडणाऱ्या नळीची भोकं क्षाराने बुजलेली असतात. ती दाभणाने मोकळी करा, पंपाची जाळीही धुवा. हनीकॉम्ब (मधाच्या पोळ्यासारख्या भोकांच्या) ताट्या काही उन्हाळे टिकतात, पण त्यांवरचा पांढरा थर खरवडू नका. व्हिनेगर घातलेल्या पाण्यात अर्धा तास भिजवून मऊ ब्रशने काढा.

हा थर येतो, कारण वाफ फक्त पाण्याची होते, क्षार टाकीतच राहतो. बोअरचं पाणी असेल तर रोज संध्याकाळी बादलीभर जुनं पाणी काढून नवं भरा. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून तिच्या भिंती घासा. डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेजवळ भिंतींना चिकटलेली असतात, नुसतं पाणी ओतून ती जात नाहीत.

आणि क्रम लक्षात ठेवा: आधी पंप, ताट्या भिजल्या की मग पंखा. मोठा कूलर ऐन दुपारी तासाला दहा लिटरच्या वर पाणी पितो. तीन वाजता अचानक गरम हवा आली तर आधी टाकी पाहा.

टाकीत बर्फ टाकणं

7 किलो बर्फ वितळून जेवढी उष्णता शोषतो, तेवढी एक लिटर पाण्याची वाफ होतानाही शोषली जाते, म्हणून बर्फाने फारसा फरक पडत नाही. तोच खर्च नव्या गवतावर करा.

भर दुपारी गच्चीवर पाणी मारणं

तापलेल्या स्लॅबवरचं पाणी पाहता पाहता उडून जातं, आणि दिवसभर साठलेली उष्णता रात्री खाली उतरतेच. पाणी ऊन उतरल्यावर मारा. त्याहून चांगलं म्हणजे मार्चमध्येच गच्चीला चुन्याचे दोन हात द्या. पांढरा स्लॅब मुळात कमी तापतो.

दमट हवेत पंप चालू ठेवणं

मुंबईत 34 अंश आणि 70 टक्के आर्द्रता असताना कूलर हवा जेमतेम 4 अंशांनी उतरवतो आणि दमटपणा वाढवतो. तिथे पंखा आणि एक्झॉस्टच बरा. विदर्भातही पावसाळी हवा झाली की पंप बंद करा, नुसता पंखा चालवा.

चालू कूलरमध्ये पाणी भरणं

कूलरचा शॉक लागून जीव गेल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. पत्र्याची बॉडी, ओली जमीन, अनवाणी पाय आणि पंपाची सोललेली वायर, एवढं पुरतं. नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग काढूनच पाणी भरा. प्लग तीन पिनांचाच हवा आणि घराची अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासलेली हवी. बोर्डावर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवा आणि त्याचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा. बटण दाबताच वीज तुटली नाही, तर तो बदलेपर्यंत कूलर लावू नका.