घरात ताण आला की हार्ट फेल्युअरच्या रुग्णाचं काय सांभाळायचं

हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे. शरीराला लागेल तेवढं रक्त ते पुरवू शकत नाही, एवढंच. अशा माणसाच्या घरात मयत झाली किंवा वाटणीवरून भांडण पेटलं, की पंधरा दिवसांत पाय सुजतात. सगळे म्हणतात, ‘टेन्शन घेतलं’. हे अर्धंच खरं. ताणाने अ‍ॅड्रेनॅलिन वाढतं, ठोके आणि रक्तदाब चढतो, मूत्रपिंडं मीठ-पाणी धरून ठेवतात. उरलेलं अर्धं म्हणजे मोडलेली घडी: गोळ्या चुकतात, झोप उडते, जेवण कुणाकडून तरी डब्यात येतं.

म्हणून पहिल्याच दिवशी वजनाची वही घरातल्या एकाच माणसाकडे द्या. चौघांनी चार वेळा टोकलं की रुग्ण वैतागून काट्यावर उभाच राहत नाही. वजन सकाळी, लघवी करून, चहाच्या आधी, तशाच हलक्या कपड्यांत. शेजारी दोनच नोंदी: रात्री दम न लागता झोपायला किती उशा लागल्या आणि झोप कशी झाली. तीन दिवसांत 2 किलो वाढलं, किंवा दोन उशांच्या तीन झाल्या, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. सूज दिसायची वाट पाहू नका. ती उशिरा येते.

सगळ्यात जास्त चुकते ती लघवीची गोळी. दहाव्याला घाटावर जायचंय, लग्नाच्या हॉलमध्ये चारचौघांतून सारखं उठायचं कसं, म्हणून ती गुपचूप टाळली जाते. ही लाज समजून घ्या, रागावू नका. फ्युरोसेमाइड या लघवीच्या गोळीचा जोर घेतल्यापासून तासाभरात सुरू होतो आणि साधारण सहा तासांत ओसरतो. त्यामुळे गोळी टाळण्याऐवजी वेळ पुढे-मागे करता येते. ती कशी करायची हे डॉक्टरांना आधीच विचारून वहीत लिहून ठेवा. संध्याकाळी उशिरा घेतली तर रात्रभर उठावं लागतं.

मीठ दिवसाला सगळं मिळून 5 ग्रॅम, म्हणजे छोटा सपाट चमचा. लोणचं, पापड, फरसाण त्यातच धरा. ‘लो-सोडियम’ मीठ मात्र मनाने आणू नका: त्यात पोटॅशियम असतं, आणि स्पायरोनोलॅक्टोनसारख्या हार्ट फेल्युअरच्या गोळ्यांबरोबर ते रक्तात धोकादायक वाढू शकतं. रडून डोकं दुखतंय म्हणून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकही नको; त्यांनी पाणी साठतं.

थकवा हृदयाचा की मनाचा, हे ओळखणं खरंच अवघड. दोन आठवडे बहुतेक दिवस उदास वाटतंय, नातवाशी बोलण्यातही रस नाही, तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे. नैराश्याचं औषध सुरू करताना हृदयाच्या सगळ्या गोळ्या दाखवा; अ‍ॅमिट्रिप्टिलिनसारखी जुनी औषधं अशा हृदयाला सोसत नाहीत.

बसल्याजागी दम, आडवं होता न येणं, छातीत दुखणं, खोकल्यातून गुलाबी फेस: यात ताण शोधत बसू नका, 108 लावा. गाडी येईपर्यंत रुग्णाला पाय खाली सोडून बसवा.