एकत्र राहायचंय? नकाशाआधी पाकिटं काढा

डोंबिवलीतली आमची चाळ पाडून तिथे सोसायटी उभी राहिली, तेव्हा सेक्रेटरी मी होते. वीस बिऱ्हाडं. त्यांत दोन विधवा, एक रिक्षावाला, बरेचसे पेन्शनर. हल्ली चार-सहा कुटुंबं मिळून ‘शेजारी शेजारी घरं बांधू, स्वयंपाकघर सामायिक ठेवू’ म्हणत माझ्याकडे येतात. हातात नकाशा असतोच. तो मी आधी गुंडाळून ठेवायला लावते.

पहिलं काम पाकिटांचं. हप्ता आणि मेंटेनन्स मिळून महिन्याला किती झेपेल, तो आकडा प्रत्येक घराने चिठ्ठीवर लिहायचा, नाव न घालता. चारचौघांत विचारलंत तर कमी कमाईचा माणूस लाजेपोटी आकडा वाढवून सांगतो आणि पुढे त्याचे हप्ते थकतात. हे मी पाहिलंय. सगळ्यांत लहान आकड्यात बसेल असं घर आराखड्यात असलंच पाहिजे, नाहीतर तो आराखडा परत पाठवा.

इंग्लंडात लीड्सला लिलॅक नावाची 20 घरांची वसाहत 2013 साली उभी राहिली. घरं संस्थेच्या मालकीची, आणि सभासद हातात येणाऱ्या उत्पन्नाच्या 35 टक्के भरतो. आपल्याकडे बँक ज्याच्या त्याच्या फ्लॅटवर कर्ज देते, म्हणून ते जसंच्या तसं उचलता येत नाही. पण घरं लहान-मोठी ठेवणं आपल्या हातात असतं. पाहुण्यांसाठी सगळ्यांत मिळून एक खोली काढा. वर्षातून दोनदा येणाऱ्या नणंदेसाठी कुणाला जादा बेडरूमचं कर्ज फेडायला लागू नये. कपडे वाळवायला गच्ची, बारशाला हॉल, पुस्तकांना एक भिंत, जे जे सामायिक होईल तेवढं घर लहान चालतं. चाळीत दोन खोल्यांत आठ माणसं राहिली, ती गॅलरीच्या जोरावर.

दुसरं, बिल. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सहकारी सोसायट्यांच्या नमुना नियमावलीप्रमाणे, वॉचमन, झाडू, ऑफिस यांचा सेवाखर्च प्रत्येक फ्लॅटला सारखाच येतो, मग घर साडेतीनशे फुटांचं असो की नऊशे. त्यामुळे जिम किंवा शोभेचं कारंजं मंजूर करण्याआधी लहान घराचं बिल किती रुपयांनी चढेल ते सभेत मोठ्याने वाचून दाखवा. दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड (इमारतीच्या पुढच्या मोठ्या कामांसाठीची शिल्लक) मात्र आपापल्या फ्लॅटच्या बांधकाम खर्चावर असतात, दरसाल अनुक्रमे किमान पाऊण टक्का आणि पाव टक्का. लहान घराला ते कमीच येतात. बिल स्वस्त दिसावं म्हणून ते बंद करू नका. मग गळती लागते, घरटी लाखाची वर्गणी निघते आणि सगळ्यांत आधी घर विकून जातो तो सगळ्यांत गरीब.

आता माणसांचं. माझ्या भाचीचा नवरा दुसऱ्या धर्माचा. एका सोसायटीत टोकन द्यायला गेले, तर ‘आमच्याकडे तसलं नाही’ म्हणून परत पाठवलं. त्या दिवशी ती जिन्यातच बसून रडली. सहकार कायद्याचं कलम 23 सांगतं, पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. ‘तसलं नाही’ हे कारण नव्हे, असं तुमच्या पहिल्याच ठरावात लिहा. फ्लॅट दुसऱ्याच्या नावावर होताना सोसायटी घेते ते हस्तांतरणाचं प्रीमियम जास्तीत जास्त 25,000 रुपये, त्यावर देणगी मागायची नाही. घर भाड्याने दिलं तर बिनभोगवटा शुल्क सेवाखर्चाच्या 10 टक्क्यांपलीकडे नाही. जास्त लावलंत तर मालक ते भाड्यातूनच काढतो. भाडेकरूला सर्वसाधारण सभेत मत नसतं, म्हणून महिन्याची एक बैठक सगळ्यांसाठी ठेवा. ती रात्री नऊनंतर, लोकलवाले घरी पोचल्यावर.

लिफ्टपर्यंत एकही पायरी नको. आमच्याकडे चार होत्या, रॅम्प नंतर तोडफोड करून बसवला. घरकामाला येणाऱ्या बायकांनाही तीच लिफ्ट आणि खाली एक स्वच्छ संडास.

आणि सामायिक स्वयंपाकघरात मासे चालणार का, हे जागा घेण्याआधी विचारा. या एका प्रश्नावर जुळत आलेले दोन गट माझ्यासमोर फुटले. आमच्या हॉलमागे दोन ओटे आहेत, भांडी वेगळी, एक्झॉस्ट मोठा. बुधवारी एका ओट्यावर बांगडा तळला जातो, दुसऱ्यावर वरणाला फोडणी पडते आणि पंगत एकच बसते.