संदेशाला कुलूप, नोंदी मात्र उघड्या: डिजिटल पाळतीबाबत या चुका टाळा

सरकारी पाळतीचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "कर नाही त्याला डर कशाला?" सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, कारण असं म्हणणारा माणूस पुढची एकही काळजी घेत नाही. नेदरलँड्समध्ये दुसऱ्या महायुद्धाआधीच लोकसंख्येची अतिशय नीटनेटकी नोंद ठेवलेली होती. नाव, पत्ता, जन्मतारीख आणि धर्मसुद्धा. कारभार सोपा व्हावा एवढाच हेतू होता आणि धर्म सांगताना लोकांना त्यात काही वावगंही वाटलं नव्हतं. १९४० मध्ये जर्मन फौजा आल्या आणि पुढे हीच नोंद ज्यू कुटुंबं हुडकायला वापरली गेली. मार्च १९४३ मध्ये प्रतिकार चळवळीतल्या लोकांनी जिवावर उदार होऊन ॲमस्टरडॅमचं नोंदणी कार्यालय पेटवलं, तरी बरीचशी कार्डं शाबूत राहिली. देशातल्या ज्यूंपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोक मारले गेले. त्यांनी काहीही केलेलं नव्हतं. माहिती देताना आपण समोर आज कोण आहे एवढंच पाहतो. उद्या ती कुणाच्या हाती जाईल हे ना आपल्याला ठाऊक असतं, ना ती गोळा करणाऱ्या अधिकाऱ्याला.

एखाद्या गुन्ह्याच्या तपासासाठी, न्यायालयाच्या आदेशानं एखाद्याची माहिती मागणं वेगळं. सरसकट सगळ्यांची साठवून ठेवणं वेगळं. खरी अडचण या दुसऱ्या प्रकाराची आहे आणि रोजच्या वापरातल्या काही सवयींमुळे आपण तिला हातभार लावतो.

"आपलं बोलणं कुणी ऐकत नाही ना" एवढ्यावरच समाधान मानणं

पाळत म्हटलं की कानाला हेडफोन लावून बसलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात ऐकायची गरज क्वचितच पडते. जून २०१३ मध्ये अमेरिकी गुप्तचर यंत्रणेचा माजी कंत्राटी कर्मचारी एडवर्ड स्नोडेननं बाहेर काढलेल्या कागदपत्रांमधून पहिली जी बातमी आली, ती व्हेरायझन या दूरसंचार कंपनीला दिलेल्या गुप्त आदेशाची होती. त्यात संभाषण मागितलेलंच नव्हतं. कुणी कुणाला, कधी आणि किती वेळ फोन केला, एवढ्याच नोंदी मागितल्या होत्या, पण कोट्यवधी ग्राहकांच्या आणि रोजच्या रोज. यालाच मेटाडेटा म्हणतात. एनएसए आणि सीआयए या दोन्ही अमेरिकी गुप्तचर संस्थांचे प्रमुख राहिलेले मायकेल हेडन २०१४ मध्ये एका जाहीर चर्चेत म्हणाले होते, "आम्ही मेटाडेटाच्या आधारे माणसं मारतो."

एखाद्यानं सकाळी कर्करोगाच्या दवाखान्यात फोन केला, लगेच बहिणीला लावला आणि त्यानंतर विमा कंपनीला. या तीन नोंदींमध्ये एक शब्दही नाही, तरी सगळी गोष्ट कळते.

त्यामुळे ॲप निवडताना "एन्क्रिप्शन, म्हणजे मजकुराला कुलूप, आहे का?" हा प्रश्न अर्धाच आहे. उरलेला अर्धा असा: ही कंपनी माझ्याबद्दल काय साठवते? २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एका ग्रँड ज्युरीनं सिग्नल या मेसेजिंग ॲपच्या कंपनीकडे माहिती मागितली, तेव्हा कंपनीला दोनच गोष्टी देता आल्या: खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. बाकी काही साठवलेलंच नव्हतं. व्हॉट्सॲपमधला मजकूरही एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड असतो, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा यांनाच वाचता येतो, पण कोण कुणाशी बोलतं याचा माग त्या कंपनीकडे जास्त राहतो. नाजूक बोलण्यासाठी हा फरक मोठा आहे.

बॅकअप विसरणं

माझ्या मते सगळ्यात जास्त लोक इथे फसतात. संदेश वाटेत सुरक्षित असतो, फोनमध्ये सुरक्षित असतो आणि रात्री त्याची प्रत क्लाउडवर जाते. ती प्रत वेगळी कुलूपबंद केलेली नसेल, तर कंपनीकडे कायदेशीर मागणी आल्यावर ती देता येते. मधलं एन्क्रिप्शन कुणाला तोडावंच लागत नाही.

व्हॉट्सॲपनं बॅकअप एन्क्रिप्ट करण्याची सोय २०२१ मध्ये दिली, पण ती आपणहून सुरू करावी लागते. सेटिंग्ज, मग चॅट्स, मग चॅट बॅकअप. तिथे एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप हा पर्याय दिसेल. पासवर्ड ठेवलात तर तो कागदावर लिहून जपून ठेवा, कारण विसरलात तर कंपनीही तो बॅकअप उघडून देऊ शकत नाही. आणि हे समोरच्यालाही करायला सांगा. तुमचं बोलणं त्याच्या बॅकअपमध्येही आहेच. फार खासगी गप्पांसाठी संदेश आपोआप पुसण्याची मुदत लावणं अधिक सोपं.

आयफोनवर ॲडव्हान्स्ड डेटा प्रोटेक्शन सुरू केलं की आयक्लाउड बॅकअपचीही किल्ली फक्त तुमच्याकडे राहते. मात्र अशा सोयी कायमच्या असतात असं समजू नका. फेब्रुवारी २०२५ मध्ये ॲपलनं ब्रिटनमधल्या नव्या वापरकर्त्यांसाठी ती बंद केली. त्याआधी तिथल्या सरकारनं या माहितीपर्यंत पोहोचण्याची वाट मागितल्याच्या बातम्या आल्या होत्या.

जीपीएस बंद केलं म्हणजे ठावठिकाणा लपला, असं मानणं

फोन चालू आणि त्यात सिम आहे, तोवर जवळच्या टॉवरशी त्याचा संपर्क होतो आणि मोबाइल कंपनीकडे नोंद पडते. जीपीएसचा याच्याशी संबंध नाही. अमेरिकेतल्या कार्पेंटर खटल्यात पोलिसांनी एका माणसाच्या १२७ दिवसांच्या टॉवर नोंदी मिळवल्या होत्या. त्यात त्याचा ठावठिकाणा १२,८९८ वेळा नोंदलेला होता, म्हणजे दिवसाला सरासरी शंभराहून जास्त वेळा. २०१८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं अशा नोंदींसाठी सहसा वॉरंट लागेल, असा निकाल दिला.

पण न्यायालयानं पुढचं दार लावलं तरी मागचं उघडंच राहिलं. हवामान किंवा खेळाची साधी ॲप्स लोकेशन घेतात, ते दलालांमार्फत विकलं जातं आणि सरकारी संस्थाही ते विकत घेतात. अमेरिकेच्या संरक्षण गुप्तचर संस्थेनं २०२१ मध्ये अशी खरेदी मान्य केली. विकत घेतलेल्या माहितीला वॉरंट लागत नाही, ही त्यांची भूमिका. मला हे सरळसरळ पळवाट वाटतं आणि कायद्यानं ती बुजवायलाच हवी.

तोवर निदान हे करा: प्रत्येक ॲपची लोकेशन परवानगी तपासा, "नेहमी" असेल तिथे "ॲप वापरताना" किंवा "नाही" करा. अँड्रॉइडवर जाहिरात आयडी, म्हणजे जाहिरातदारांना तुमचा फोन ओळखू देणारा क्रमांक, काढून टाका. आयफोनवर ॲप्सना ट्रॅकिंगची विनंती करण्याची मुभाच बंद करा. टॉवरच्या नोंदीवर मात्र फोन सोबत न नेणं, हाच खात्रीचा उपाय.

इनकॉग्निटो आणि व्हीपीएनवर भलता भरवसा

ब्राउझरची इनकॉग्निटो खिडकी फक्त तुमच्या उपकरणावरचा इतिहास ठेवत नाही. इंटरनेट कंपनीला तुम्ही कुठल्या साइटवर गेलात ते कळतंच. व्हीपीएन, म्हणजे तुमचं इंटरनेट दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरमार्फत फिरवणारी सेवा, ही माहिती इंटरनेट कंपनीपासून दडवतं आणि व्हीपीएन कंपनीच्या हाती देतं. फुकटचं, कुणाचं आहे हे न कळणारं व्हीपीएन घेण्यापेक्षा न घेतलेलं बरं.

पेगाससच्या धास्तीनं हात टेकणं, किंवा घाईनं फोन रिसेट करणं

"त्यांना हवं तर ते घुसतीलच" म्हणून सगळं सोडून देणारेही पुष्कळ. पेगासससारखी हेरगिरीची साधनं कुठल्याही लिंकवर क्लिक न करता फोनमध्ये शिरू शकतात, हे खरं. पण ती महागडी असतात आणि निवडक लोकांवर, विशेषतः पत्रकार, वकील, कार्यकर्ते, विरोधी नेते यांच्यावर वापरली जातात. इतरांसाठी सिस्टिम अपडेट वेळेवर करणं आणि फोन अधूनमधून बंद करून चालू करणं, यानंही बराच फरक पडतो. तुम्ही अशा कामात असाल तर आयफोनवरचा लॉकडाउन मोड सुरू करा. काही सोयी जातील, पण घुसण्याच्या वाटाही कमी होतील.

तुमच्यावर असा हल्ला झाल्याची सूचना ॲपलकडून आली, तर आधी ती खरी आहे का पाहा. खऱ्या सूचनेत लिंक उघडायला, ॲप टाकायला किंवा पासवर्ड द्यायला सांगितलेलं नसतं. ब्राउझरमध्ये पत्ता स्वतः टाइप करून ॲपल खात्यात गेलात की तीच सूचना पानाच्या वरच्या बाजूला दिसते. मग घाबरून फॅक्टरी रिसेट करू नका, कारण त्यानं घुसखोरीचे पुरावेच पुसले जातात. लॉकडाउन मोड लावा, नाजूक बोलणी दुसऱ्या फोनवर न्या आणि तो फोन जाणकारांना तपासू द्या. नागरी समाजात काम करणाऱ्यांना आणि पत्रकारांना ॲक्सेस नाऊ या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेची डिजिटल सुरक्षा हेल्पलाइन अशा वेळी दिवसाचे चोवीस तास विनामूल्य मदत करते.