रहाडीचे फोटो मंडळाने कसे गोळा करावेत, लावावेत आणि वाटावेत

रंगपंचमीला जुन्या नाशकात रहाडी, म्हणजे रंगाचे जुने हौद, उघडतात. तिवंधा चौक, शनी चौक, दिल्ली दरवाजा, सगळीकडे गर्दी. वर्षभर रस्त्याखाली झाकून ठेवलेल्या या पेशवेकालीन हौदांची पूजा होते, फुलांचा रंग तयार होतो आणि मग धप्पे, म्हणजे रंगात उड्या, सुरू होतात. गच्च्यांवर, ओट्यांवर जो तो मोबाइल घेऊन उभा असतो. संध्याकाळी व्हॉट्सॲप ग्रुप फोटोंनी भरतो आणि महिन्याभराने पूजेचा एक धड फोटो मागितला तर कुणाकडेच सापडत नाही. हे फोटो नीट जपणं हे मंडळाचंच काम आहे, असं मला मनापासून वाटतं. फार खर्चही येत नाही.

आधी खातं आणि माणूस ठरवा

मंडळाच्या नावाने वेगळं गुगल खातं उघडा. कुणा कार्यकर्त्याचं स्वतःचं खातं वापरू नका. तो उद्या नोकरीसाठी पुण्याला गेला की फोटोही त्याच्याबरोबर जातात. पासवर्ड दोन पदाधिकाऱ्यांकडे असावा आणि फोटोंची जबाबदारी एकाच माणसावर.

खात्यात १५ जीबी जागा फुकट मिळते, पण ती जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज या तिघांत मिळून असते. मोबाइलचा फोटो साधारण ३ ते ५ एमबीचा धरला तर तीनेक हजार फोटो सहज मावतात. जागा खातात ते व्हिडिओ. ते वेगळे ठेवा आणि मोजकेच घ्या.

कॅमेरा वापरणारा कुणी असेल तर आदल्या दिवशी कॅमेऱ्यातलं घड्याळ मोबाइलशी जुळवून घ्या. घड्याळ चुकलं की पुढे पूजेचे फोटो धप्प्यांनंतर येऊन बसतात.

गोळा करताना

व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो लहान होतो आणि तो कधी काढला ही नोंदही निघून जाते. दुसरा मार्गच नसेल तर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे मूळ फाइल जशीच्या तशी येते.

त्यापेक्षा गुगल फोटोजमध्ये शेअर्ड अल्बम करा, इतरांना फोटो टाकायची परवानगी चालू ठेवा आणि लिंकचा क्यूआर कोड छापून रहाडीजवळच्या दुकानांत चिकटवा. फोटो टाकायला गुगल खातं लागतं, नुसते बघायला लागत नाही. ड्राइव्हच्या फोल्डरला सगळ्यांसाठी ‘एडिटर’ लिंक मात्र देऊ नका. त्यात एकाच्या हातून दुसऱ्याचे फोटो हलू शकतात.

एक गोष्ट लक्षात ठेवा: फोटो टाकणारा अल्बममधून बाहेर पडला की त्याचे फोटोही जातात. म्हणून चार-पाच दिवसांत सगळे फोटो मंडळाच्या खात्यात सेव्ह करून संगणकावरही उतरवून घ्या.

लावताना

फोल्डरच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस: ‘२०२५-०३-१९ रंगपंचमी’. असं नाव दिलं की वर्षं आपोआप क्रमाने लागतात. आत पोटफोल्डर करा: हौद उघडणं, पूजा, रंगाची तयारी, धप्पे, माणसं.

चेहऱ्यावरून फोटो गटांत लावण्याच्या सोयीवर इथे विसंबू नका. रंगाने माखलेले चेहरे तिला नीट ओळखू येत नाहीत. वेळ हाच खरा आधार. वेळेची नोंद नसलेल्या फोटोत रंग बघा. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला असतो, त्यामुळे फोटो कुठला ते बहुतेक वेळा कळतं.

मग जुन्या मंडळींना संगणकासमोर बसवा. याला वेळ द्या, घाई करू नका. पूजेला कोण बसलं, रंग कुणी केला, पहिला धप्पा कुणाचा, हे त्यांना बघताक्षणी सांगता येतं आणि ते सांगतील तसं फोल्डरमधल्या एका साध्या फाइलमध्ये फोटोच्या क्रमांकासह लिहून ठेवा. नावांशिवायचा फोटो वीस वर्षांनी कुणाच्या उपयोगाचा?

वाटताना

सगळेच्या सगळे फोटो सगळ्यांना देऊ नका, कुणी बघत नाही. हललेले आणि एकसारखे वगळून शंभर-दीडशे निवडा आणि त्यांचा वेगळा अल्बम करा. त्यात इतरांना फोटो टाकायची परवानगी बंद ठेवा, फोटोचं ठिकाण दाखवण्याचा पर्यायही बंद करा आणि ती लिंक ग्रुपवर टाका. मूळ फोटो फक्त मंडळाकडे.

भिजलेल्या कपड्यांतल्या बायका-मुलींचे आणि लहान मुलांचे फोटो त्यांना किंवा घरच्यांना विचारल्याशिवाय टाकू नयेत. कुणी फोटो काढून टाका म्हटलं तर कारण न विचारता लगेच काढून टाकावा. याबाबत मंडळाने कडक असायला हवं.

ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांच्यासाठी दहा-वीस फोटो छापून द्या.

पुढच्या वर्षापर्यंत

एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेऊन ती दुसऱ्या पदाधिकाऱ्याच्या घरी ठेवा. खातं दोन वर्षं वापरलंच नाही तर गुगल ते आतल्या फोटोंसकट काढून टाकू शकतं. म्हणून गणपतीत आणि होळीच्या आधी, वर्षातून दोनदा तरी, त्यात लॉगिन करायचं काम कुणाच्या तरी नावावर लिहून ठेवा.