कोडमधल्या कॉमेंट्सचे स्पेलिंग एकसारखे करताना

बहुतेक प्रोजेक्टांना अमेरिकन स्पेलिंग सोयीचे. सीएसएसमध्ये (वेबपानांचे रूप ठरवणारी भाषा) आणि बहुतेक लायब्ररींमध्ये ‘कलर’ यूशिवायच असतो; कॉमेंटमध्ये वेगळा लिहिला की शोध अर्धवट राहतो. निर्णय योगदान-नियमांच्या फाइलमध्ये लिहून ठेवा. ब्रिटिश निवडलेत तर ‘इनिशियलाइझ’मध्ये एस की झेड हेही ठरवा, कारण ऑक्सफर्डच्या पद्धतीत झेडच चालतो.

कोडस्पेल हे स्पेलिंगच्या चुका शोधणारे साधन मूळ सेटिंगमध्ये ब्रिटिश रूपे पकडत नाही. ‘बिल्टइन’ पर्यायात ब्रिटिश-ते-अमेरिकन शब्दकोश जोडावा लागतो. पहिल्यांदा फक्त यादी काढा, फाइलमध्ये लिहू देऊ नका. खरा धोका इथेच आहे: हे साधन कॉमेंट आणि कोड यांत फरक करत नाही. एकशब्दी व्हेरिएबल, जेसन डेटामधल्या ‘की’चे नाव, डेटाबेसमधला कॉलम बदलला की प्रोग्राम मोडतो, आणि स्ट्रिंगमधला बदल कंपायलरला दिसतही नाही. म्हणून प्रत्येक बदल डिफमध्ये (जुन्या-नव्या ओळींच्या तुलनेत) डोळ्यांखालून घाला. बाहेरून आणलेला कोड आणि परवान्याचा मजकूर वगळा. एचटीटीपीचा ‘रेफरर’ हेडर अधिकृत मानकातच मध्ये दोनऐवजी एका आरने लिहिलेला आहे, त्याला हात लावू नका.

सगळे बदल एका स्वतंत्र कमिटमध्ये ठेवा. तिचा हॅश (ओळख-क्रमांक) गिट ब्लेमच्या, म्हणजे कोणती ओळ कोणी बदलली ते दाखवणाऱ्या आज्ञेच्या, दुर्लक्ष-यादीत टाका. ही सोय गिट २.२३पासून आहे. स्पेलिंगची तपासणी सीआयमध्ये (प्रत्येक बदलावर आपोआप चालणाऱ्या चाचण्यांत) जोडा.