किडनी कॅन्सरच्या रक्तवाहिन्या रोखणाऱ्या गोळ्या: पहिले आठ आठवडे घरी कसे सांभाळायचे

सुनिटिनिब, पाझोपानिब, अ‍ॅक्सिटिनिब, कॅबोझँटिनिब, लेनव्हॅटिनिब. डॉक्टरांनी यांपैकी एखादी गोळी लिहून दिली असेल, तर ही नेहमीची कीमो नव्हे. किडनीच्या कॅन्सरचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार म्हणजे क्लिअर सेल. त्याच्या पेशींत व्हीएचएल हा जीन बहुतेक वेळा निकामी झालेला असतो. त्यामुळे ऑक्सिजन पुरेसा असला तरी तो कमी पडतोय असा इशारा पेशीत चालूच राहतो, आणि ती व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडत राहते. त्या हाकेला ओ देऊन आजूबाजूच्या रक्तवाहिन्या गाठीकडे वाढतात. गोळी ही हाक ऐकणारे रिसेप्टर बंद करते. पण हेच रिसेप्टर रक्तदाब सांभाळणाऱ्या वाहिन्यांत, थायरॉइडमध्ये आणि किडनीच्या गाळणीतही असतात, आणि यातल्या बहुतेक गोळ्या त्याशिवाय इतरही काही रिसेप्टर अडवतात. पुढचे बरेचसे त्रास यातूनच येतात. ते कधी येणार हे बऱ्यापैकी ठरलेलं असतं, म्हणून आधीच तयारी करता येते.

गोळी आणि जेवण

सर्वांत जास्त चुका इथेच होतात. पाझोपानिब रिकाम्या पोटीच घ्यायची: जेवणाआधी किमान १ तास किंवा जेवणानंतर किमान २ तास. जेवणासोबत घेतली तर रक्तात जवळपास दुप्पट औषध उतरतं, आणि यकृताला ते झेपत नाही. ती चुरून किंवा तोडूनही घ्यायची नाही. दुधाचा चहा आणि दोन बिस्किटं हेही खाणंच धरा. सकाळचा चहा सुटत नसेल तर रात्री ८ ला जेवून साडेदहाला गोळी घेणं सोपं जातं. कॅबोझँटिनिबसाठी गोळीआधी २ तास आणि नंतर १ तास काही खायचं नाही. सुनिटिनिब, अ‍ॅक्सिटिनिब आणि लेनव्हॅटिनिब जेवणासोबत किंवा जेवणाशिवाय, कशाही चालतात. अ‍ॅक्सिटिनिबच्या दोन डोसांत मात्र साधारण १२ तासांचं अंतर हवं.

पित्ताच्या गोळीचं काय? पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल यांसारख्या गोळ्यांमुळे पाझोपानिब नीट शोषली जात नाही. घरात वर्षानुवर्षं चालू असलेली पित्ताची गोळी बरेच जण औषधांत मोजतच नाहीत. ती डॉक्टरांना आवर्जून सांगा. टीबीचं रिफाम्पिसिन, फिटची फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन यांनी कॅन्सरच्या यातल्या बहुतेक गोळ्यांचा असर घटतो. क्लॅरिथ्रोमायसिन (अँटिबायोटिक) आणि इट्राकोनॅझोल (बुरशीवरचं औषध) यांनी तो धोक्याइतका वाढू शकतो. ग्रेपफ्रूट आणि पपनस टाळा. काढे आणि घटक माहीत नसलेली चूर्णं या काळात बंदच ठेवा, कारण यकृताचे रिपोर्ट बिघडले तर कशामुळे बिघडले हे कळायला मार्ग उरत नाही.

डोस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायचे नाहीत. पाझोपानिब किंवा कॅबोझँटिनिबच्या पुढच्या डोसला १२ तासांपेक्षा कमी वेळ उरला असेल, तर चुकलेला डोस सोडून द्या. अ‍ॅक्सिटिनिब घेतल्यावर उलटी झाली तरी ती पुन्हा घ्यायची नाही.

बीपी: पहिल्या दिवसापासून वही

गोळी सुरू होण्याआधी बीपी १४०/९० च्या खाली आणलेलं असावं. अ‍ॅक्सिटिनिब आणि लेनव्हॅटिनिबमध्ये ते काही दिवसांतच चढू शकतं, म्हणून महिन्यानंतरच्या भेटीपर्यंत थांबायचं नाही. दंडाला बांधायचं डिजिटल यंत्र घ्या. पट्टा दंडाच्या मापाचा हवा. जाड दंडाला छोटा पट्टा बांधला तर आकडा खोटाच जास्त येतो. सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकवून, हात छातीच्या उंचीला ठेवून एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे तारखेसह लिहा.

सलग दोन-तीन दिवस १४०/९० च्या वर असेल तर फोन करा. १६०/१०० च्या वर गेलं तर त्याच दिवशी. १८०/११० च्या वर जाऊन डोकं ठणकत असेल, नजर धूसर होत असेल, बोलणं अडखळत असेल किंवा छातीत दुखत असेल, तर पुढची गोळी न घेता थेट इमर्जन्सीत जा.

बीपी वाढलं म्हणून घाबरून गोळी सोडणारे रुग्ण बरेच असतात. सुनिटिनिबच्या अभ्यासांत ज्यांचं बीपी वाढलं त्यांच्यात औषधाचा परिणामही सरासरीने चांगला दिसला, आणि बीपीवर उपचार केल्याने तो परिणाम कमी झाला नाही. म्हणून बीपीची गोळी बिनधास्त घ्या. साधारणपणे अ‍ॅम्लोडिपिन किंवा टेल्मिसार्टन देतात. डिल्टियाझेम आणि व्हेरापामिल मात्र टाळतात, कारण त्यांनी कॅन्सरच्या गोळीचं रक्तातलं प्रमाण वाढू शकतं. सुनिटिनिब ४ आठवडे घेऊन २ आठवडे सुट्टी, किंवा २ घेऊन १ सुट्टी अशी चालते. सुट्टीत बीपी आपोआप उतरतं, आणि बीपीची गोळी पूर्ण डोसने चालूच राहिली तर उठताना घेरी येते. सुट्टीतलं बीपीही लिहा आणि त्या आठवड्यांत डोस कमी करायचा का, हे आधीच विचारून ठेवा.

तळहात आणि तळपाय

पहिल्या दोन ते सहा आठवड्यांत दाब पडणाऱ्या जागी कातडी लाल होते, जाड होते, दुखते, कधी फोड येतात. गोळी सुरू होण्याआधीच घट्टे आणि भोवऱ्या काढून घ्या, कारण त्रास तिथूनच सुरू होतो. मधुमेह असेल तर हे काम घरी ब्लेडने करू नका. पहिल्या दिवसापासून १० टक्के युरियाचं क्रीम दिवसातून तीनदा लावा. पावलांत सुती मोजे आणि मऊ तळाची चप्पल घाला, घरातसुद्धा. नवी कोल्हापुरी, तापलेल्या फरशीवर अनवाणी चालणं, कढत पाण्याने अंघोळ हे सगळं दोन महिने टाळा. भाकऱ्या थापणं, कपडे पिळणं, खलबत्त्यात कुटणं या कामांत तळव्यावर तोच दाब पुन्हा पुन्हा पडतो. ही कामं घरातल्या दुसऱ्या कुणीतरी घ्यावीत.

लाली आहे पण दुखत नाही, तोवर क्रीम पुरतं. शर्टाची बटणं लावताना किंवा चार पावलं टाकताना दुखू लागलं, की लगेच कळवा. याच टप्प्यावर काही दिवसांची विश्रांती किंवा एक पायरी कमी डोस पुरतो: कॅबोझँटिनिब ६० वरून ४०, सुनिटिनिब ५० वरून ३७.५ मिलिग्रॅम. सहन करत बसलात तर फोड फुटतात आणि गोळी कित्येक आठवडे बंद ठेवावी लागते.

जुलाब, आणि सोबत इम्युनोथेरपी असेल तर

एरवी पातळ शौचाला लोपेरामाइडच्या २ मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या, मग प्रत्येक पातळ शौचानंतर एक. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर दिवसाला ८ गोळ्यांच्या पुढे नाही. ओआरएस घोट घोट चालू ठेवा. पण आज बऱ्याच रुग्णांना इम्युनोथेरपीचं, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरविरुद्ध जागी करणाऱ्या पेम्ब्रोलिझुमॅब किंवा निव्होलुमॅबचं, सलाइनही चालू असतं. त्यातून होणारे जुलाब आतड्याच्या सुजेचे असू शकतात आणि त्याला स्टेरॉइड लागतं. अ‍ॅक्सिटिनिब शरीरातून काही तासांतच कमी होते, त्यामुळे ती थांबवून दोन-तीन दिवसांत जुलाब थांबले तर कारण बहुधा गोळी. कॅबोझँटिनिब बरेच दिवस रेंगाळते, तिथे ही परीक्षा उपयोगी पडत नाही. दिवसाला नेहमीपेक्षा चार शौच जास्त, रक्त, किंवा पोटात कळा असतील तर लोपेरामाइडने दाबत बसू नका, फोन करा.

तपासण्या

पाझोपानिबसाठी एलएफटी (यकृताची रक्ततपासणी) सुरुवातीला, मग ३, ५, ७, ९ व्या आठवड्यांत, नंतर तिसऱ्या आणि चौथ्या महिन्यात. डोळे पिवळे किंवा लघवी गडद पिवळी दिसली तर तारखेची वाट पाहू नका. (सुनिटिनिबने नुसती कातडी पिवळसर होते, ती औषधाच्या रंगाने, डोळ्यांचा पांढरा भाग पांढराच राहतो.) टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) दर चार-सहा आठवड्यांनी: गळून गेल्यासारखं वाटणं हे पुष्कळदा थायरॉइडचं असतं आणि थायरॉक्सिनने सुधारतं. लघवीत फेस येत असेल तर प्रोटीन तपासून घ्या.

खर्चामुळे एक दिवसाआड गोळी घेऊ नका

भारतात पहिलं सक्तीचं लायसन्स, म्हणजे पेटंट असतानाही दुसऱ्या कंपनीला औषध बनवायची सरकारी परवानगी, मार्च २०१२ मध्ये याच गटातल्या सोराफेनिबसाठी मिळालं, आणि महिन्याचा सुमारे २ लाख ८० हजारांचा खर्च ८,८८० रुपयांवर आला. आता यातल्या अनेक गोळ्यांचे जेनेरिक मिळतात. परवडत नसेल तर तसं स्पष्ट सांगा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

दात किंवा ऑपरेशन ठरलं तर

नव्या रक्तवाहिन्यांशिवाय जखम भरत नाही. म्हणून ठरवून करायच्या ऑपरेशनआधी गोळी थांबवावी लागते: सुनिटिनिब आणि कॅबोझँटिनिब किमान ३ आठवडे, पाझोपानिब आणि लेनव्हॅटिनिब किमान १ आठवडा, अ‍ॅक्सिटिनिब किमान २ दिवस. मोठ्या ऑपरेशननंतर किमान दोन आठवडे आणि जखम नीट भरेपर्यंत ती पुन्हा सुरू होत नाही. हाडांसाठी झोलेड्रोनिक अ‍ॅसिड किंवा डेनोसुमॅब मिळणार असेल तर जबड्याचं हाड कुजण्याचा धोका वाढतो, तेव्हा किडलेले दात उपचार सुरू होण्याआधीच दाखवून घ्या, आणि दाताच्या डॉक्टरांना गोळीचं पाकीटच नेऊन दाखवा.