घरामागच्या खेळपट्टीची थंडीतली निगा: या चुका टाळा

खेळपट्टी बिघडली की सगळे पावसाला बोल लावतात. पण पुण्यात बंगल्यामागच्या, सोसायटीतल्या मातीच्या खेळपट्ट्या खऱ्या बिघडतात त्या दिवाळी ते शिवरात्र या काळात. पहाटे दव, दुपारी कोरडी हवा आणि खाली भिजली की फुगणारी, सुकली की आक्रसणारी काळी माती. सकाळी पायाला चिकटणारी जागा दुपारी भेगाळते. त्यात चुका तरी नव्या असाव्यात! दर वर्षी त्याच.

वाफसा येण्याआधी रोलर

शेतकरी वाफसा आल्याशिवाय, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी अशी बेताची ओली झाल्याशिवाय, औत घालत नाही. घरामागे खेळपट्टी करणारे मात्र सकाळी पाइप सोडतात आणि संध्याकाळी रोलर ओढतात. थंडीत हवा कोरडी असल्याने वरचा अर्धा सेंटिमीटर तीन-चार तासांत सुकतो, हाताला घट्ट लागतो. त्याखाली लोणी असतं.

भूगावकडच्या एका बंगल्यामागे नेमकं हेच झालं. रविवारी मुलांचा सामना होता. शनिवारी सकाळी पाणी दिलं आणि त्याच संध्याकाळी पाचशे किलोचा रोलर फिरवला. रोलरच्या पुढे मातीची बारीक लाट सरकत होती. तेव्हाच थांबायला हवं होतं, पण ती दाबून दाबून सपाट केली. रविवारी खेळपट्टी आरशासारखी दिसत होती आणि गुड लेंथवरचा एकही चेंडू घोट्याच्या वर येत नव्हता. कडेला सुरी घालून पाहिलं तर वरचा दीड सेंटिमीटरचा थर भाकरीच्या पापुद्र्यासारखा अख्खा सुटून आला. खालच्या मातीशी त्याचा सांधा उरलाच नव्हता. असा थर रोलरने पुन्हा चिकटत नाही. तो खरवडून काढावा लागतो आणि मोसम हातचा जातो.

रविवारी खेळायचं असेल तर पाणी आधीच्या सोमवारी द्या. पूर्ण खेळपट्टी २०.१२ मीटर लांब आणि ३.०५ मीटर रुंद, म्हणजे साधारण ६१ चौरस मीटर. ५ मिलिमीटर पाणी म्हणजे जवळपास ३०० लिटर. झारीने किंवा बारीक फवाऱ्याने तेवढं द्या, मुरू द्या, तासाभराने पुन्हा तेवढंच. असं तीन-चार वेळा. दुसऱ्या दिवशी लांब स्क्रूड्रायव्हर सात-आठ सेंटिमीटर सहज गेला पाहिजे. मध्येच अडला तर पाणी खाली पोचलेलं नाही.

वाफसा पाहायचा तर कडेची दोन-तीन सेंटिमीटर खोलवरची माती तळहातावर वळा. हात माखला तर थांबा. वळतानाच तुटली तर उशीर झाला. वळली आणि हात स्वच्छ राहिला की दोनशे-अडीचशे किलोचा हातरोलर आणा. आधी हलका, मग गुरुवारपासून भारी, रोज वीस-पंचवीस मिनिटं, अगदी संथ. चालता रोलर खेळपट्टीवर उभा करू नका, तिथे खळगा पडतो. वळायचं ते बाहेर जाऊन. ज्याला पाच दिवस धीर धरवत नाही त्याने मॅट टाकून खेळावं. त्यात काही कमीपणा नाही.

दवावर काम

सकाळी सातला रोलर किंवा गवत कापायचं मशीन लावलं की ओली माती ड्रमला चिकटते आणि खपल्या निघतात. आधी दोघांनी दोन टोकं धरून नायलॉनची दोरी गवतावरून ओढा, दव झडतं. मग ऊन लागू द्या. थंडीत नऊच्या आधी रोलरला हात लावू नये.

ताडपत्री रात्रभर घट्ट अंथरली की तिच्या आतून घाम सुटतो. खाली गोणपाट घाला आणि सूर्य वर आला की दोन्ही काढा. दुपारपर्यंत झाकलेल्या खेळपट्टीवर बुरशीचे पिवळे ठिपके दिसायला आठवडा पुरतो.

गवत मुळापासून छाटणं

हरळी थंडीत मंदावते. पारा १५ अंशांखाली राहू लागला की ती जवळपास वाढतच नाही. अशा वेळी सगळं सोलून काढलं तर माती धरून ठेवायला जिवंत मुळं उरत नाहीत. सामन्याच्या पट्टीपुरतं चार मिलिमीटर ठीक, बाकी दहा-बारा ठेवा. डिसेंबर-जानेवारीत युरिया टाकून हिरवेपणा आणायचा प्रयत्नही नको. तो फेब्रुवारीअखेर, ऊब आल्यावर.

कोरडी आणि बोडकी खेळपट्टी काय करते हे पुणेकरांनी गहुंज्याच्या स्टेडियमवर पाहिलंय. २०१७ च्या फेब्रुवारीतली भारत-ऑस्ट्रेलिया कसोटी तिसऱ्याच दिवशी संपली, भारताचे डाव १०५ आणि १०७ वर आटोपले आणि आयसीसीने त्या खेळपट्टीवर ‘खराब’ असा शेरा मारला.

खड्ड्यात कोरडी पूड

गोलंदाजाचा पाय पडतो तिथला खड्डा सुक्या मातीने भरून वर पाणी शिंपडायचं, हा सगळ्यांचा आवडता शॉर्टकट. दहा चेंडूंत ती पूड बाहेर. लाल माती घातली तर आणखी वाईट, कारण काळी आणि लाल माती सारख्या प्रमाणात आक्रसत नाहीत आणि कडेने भेग पडते. सिमेंट तर अजिबात नको.

खेळपट्टी केली तेव्हाच्याच मातीचं एक पोतं चाळून कोरड्या जागी ठेवा. खड्ड्याचा तळ खिळ्याने खरवडा, ओला करा, पाणी दिसेनासं होऊ द्या. माती पोळीच्या कणकेपेक्षा थोडी कोरडी मळा. सेंटिमीटरभराचे थर घालून प्रत्येक थर धुमसाने ठोका, पुढचा घालण्याआधी वरचा भाग पुन्हा खरवडा. दोन दिवस त्या टोकाकडून गोलंदाजी बंद.

भेगांत वाळू भरू नका. वाळू आत बसली की पाणी दिल्यावर भेग मिटायला जागा राहत नाही.

सावलीचा विचार खेळपट्टी आखतानाच करा. डिसेंबरअखेर पुण्यात भर दुपारीही सूर्य ४८ अंशांच्या आसपासच चढतो. दक्षिणेला सहा मीटरची भिंत असेल तर साडेपाच मीटरपर्यंत दुपारी बाराला सावली. त्या पट्ट्यात एक टोक ओलं आणि दुसरं कडक राहतं. भिंत हलवता येत नसेल तर सावलीतल्या टोकाला निम्मंच पाणी द्या आणि त्याचा वाफसा वेगळा पाहा. तिकडे रोलर एक-दोन दिवस उशिराच लागेल.